नव्या आमदाराचं ऑफिस कसं उभं करावं

निकालानंतरचे आठ-दहा दिवस हार, पेढे आणि फोटोंत जातात. मग एके दिवशी सकाळी साडेआठला, शटर अर्धं वर असतानाच, एखादी बाई पायरीवर येऊन बसलेली दिसते. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, लाइटबिल आणि कुठल्यातरी नोटिशीची झेरॉक्स. तुमचं काम तिथून सुरू होतं.

मी हे काम सतरा वर्षं केलं. आमचे साहेब नगरसेवक होते तेव्हा सात वर्षं आणि ते आमदार झाल्यावर दोन टर्म. मतदारसंघ मुंबईच्या पूर्व उपनगरातला. डोंगरउतारावर झोपड्या, खाली बैठ्या चाळी आणि म्हाडाच्या वसाहती, स्टेशनच्या बाजूला सोसायट्या, आणि आता त्यांच्यामधून वर येणारे टॉवर. साहेब आता राजकारणातून बाजूला झालेत, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मागच्या महिन्यात एका नव्या आमदारांकडे रुजू झालेली एक मुलगी माझ्या घरी आली. म्हणाली, "ताई, मला काहीच माहीत नाही, कुठून सुरुवात करू?" तिला दोन दिवस बसवून जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. पुढेमागे स्वतः निवडणूक लढवायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनीही वाचावं. आमदाराचं काम नेमकं काय असतं ते या टेबलावर जेवढं कळतं तेवढं प्रचारात कधीच कळत नाही.

आधी आमची सगळ्यात मोठी चूक सांगते. साहेब आमदार झाले, पण पहिलं दीड वर्ष आम्ही मोठ्या नगरसेवकाचंच ऑफिस चालवलं. गटार तुंबलं, कचऱ्याची गाडी आली नाही, गल्लीतला दिवा गेला, झाडाची फांदी लोंबतेय. दिवसभर वॉर्ड ऑफिसला फोन. ते आम्हाला येत होतं, म्हणून तेच करत राहिलो. मग एक अधिवेशन संपल्यावर साहेबांनी विचारलं, "आपण सभागृहात किती प्रश्न दिले?" मी मोजले. चार. त्यातला एकही छपराबद्दल नव्हता.

छपराबद्दल असं का म्हणते, ते समजून घ्या. मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत, शहरात १० आणि उपनगरात २६. महापालिकेचे प्रभाग २२७. म्हणजे एका आमदाराच्या हद्दीत साधारण सहा नगरसेवक येतात. गटार, कचरा, गल्लीतला रस्ता, नळाची जोडणी ही पालिकेची कामं. पण मुंबईतला माणूस झोपडीत राहो, पागडीच्या चाळीत राहो नाहीतर सोसायटीत राहो, त्याच्या डोक्यावरच्या छपराचा कायदा विधानभवनात होतो. झोपडपट्टीचा कायदा १९७१ चा, म्हाडाचा १९७६ चा, भाडे नियंत्रणाचा १९९९ चा, सोसायट्या ज्यावर चालतात तो सहकारी संस्थांचा १९६० चा, नगररचनेचा १९६६ चा. हे सगळे राज्याचे कायदे. एवढंच काय, खुद्द मुंबई महापालिका ज्या १८८८ च्या कायद्यावर चालते त्यात बदल करायचा अधिकारही विधिमंडळाचाच. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला, तो निर्णयही राज्य सरकारचाच होता. आमच्या म्हाडा वसाहतीतल्या कितीतरी पेन्शनरांना त्याचा आधार झाला. गटार नगरसेवकाचं आणि छप्पर आमदाराचं, असं आम्ही नंतर ऑफिसात म्हणू लागलो.

याचा अर्थ गटाराची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं, असा अजिबात नाही. त्याने मत दिलंय, त्याला कोणाची हद्द कुठली हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून प्रशासक आले, नगरसेवक उरलेच नाहीत, तेव्हा तर सहाही प्रभागांचं गाऱ्हाणं आमच्याच पायरीवर आलं. सगळं ऐकून घ्यायचं. पण ऑफिसातला एक माणूस फक्त पालिकेच्या तक्रारींसाठी नेमा, त्याला वॉर्ड ऑफिसच्या रोजच्या चकरा द्या, आणि आमदारांचा स्वतःचा वेळ त्यातून सोडवा. तक्रार आली की आधी १९१६ वर नोंदवून तिचा नंबर घ्यायचा आणि मग फोन करायचा. नंबर नसलेली तक्रार अधिकाऱ्याच्या लेखी झालेलीच नसते.

दारांची वही

पहिल्या आठवड्यात एक जाड वही करा. संगणकावर करायची तर करा, मी वहीच ठेवली. प्रत्येक पानावर एक काम आणि त्याचं दार. हे पाठ व्हायला वर्ष लागतं, आणि चुकीच्या दारात पाठवलेल्या माणसाचा त्या दिवसाचा खाडा होतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या घरकाम करणाऱ्या. एक खाडा म्हणजे एका घरची बोलणी.

इस्पितळांचंच घ्या. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची. जेजे, जीटी, सेंट जॉर्ज, कामा ही राज्य सरकारची. पत्र कोणाच्या नावे लिहायचं, वर कोणाला फोन करायचा, हे यावरून ठरतं. खासगी मोठ्या इस्पितळांत बरीच धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलतीत. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो आजारी पडल्यावर काढायला गेलं की उशीर होतो. म्हणून आम्ही दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वस्त्यांत दाखल्यांची शिबिरं घेत होतो. त्या शिबिरांचा कधी बॅनर लावला नाही, पण मला विचाराल तर दहा वर्षांतलं ते आमचं सगळ्यात उपयोगी काम होतं.

विजेचं असंच. भांडुप-मुलुंडकडे महावितरण, बाकी उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, शहरात बेस्ट. बिलावर नाव वाचल्याशिवाय फोन उचलू नका. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून पालिकेकडे आले. जुन्या सवयीने चुकीच्या ठिकाणी पत्रं जात राहतात. रेल्वेच्या जागेवरची झोपडी, स्टेशनचा पादचारी पूल, मिठागराची जमीन हे केंद्राचं, तिथे खासदारांचं पत्र लागतं. रेशन कार्डाचं काम शिधावाटप कार्यालयात, म्हणजे राज्याचं. झोपडपट्टीत लादीकरण, गटाराची बांधणी, संरक्षक भिंत, समाजमंदिर ही कामं बऱ्याचदा म्हाडाच्या मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाकडून होतात, हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही.

या वहीत मी लाल शाईने एक ओळ लिहून ठेवली होती: आधी फोन, मग पत्र. त्यामागे एक दुखरी गोष्ट आहे. सुरुवातीच्या काळात एक मुलगा वडिलांच्या डायलिसिससाठी आला. मी घाईत एका इस्पितळाच्या नावे पत्र करून दिलं. तिथे जागा आहे का, हे विचारलं नाही. तो वडिलांना रिक्षात घालून गेला, दोन तास थांबला, परत आला. वडील रिक्षातच बसून होते. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना त्या संध्याकाळी दुसरीकडे जागा मिळाली, पण ते दोन तास माझ्यामुळे गेले. त्यानंतर इस्पितळाचं एकही पत्र तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय माझ्या टेबलावरून गेलं नाही.

पत्र

आमदाराचं पत्र ही मोठी गोष्ट आहे, ती स्वस्त करू नका. दिवसाला चाळीस पत्रं वाटणाऱ्या ऑफिसचं पत्र कोणी वाचत नाही. साहेब म्हणायचे, "पत्र दिलं आणि माणूस गेला, असं नको. पत्र दिलं आणि आपण अडकलो, असं पाहिजे."

लिहायचं कसं? विषयाच्या ओळीत माणसाचं नाव, पत्ता आणि मागणी, तिन्ही. संदर्भात आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक नंबर. मजकूर दहा ओळींच्या आत. शेवटी "योग्य ती कार्यवाही करावी" एवढंच लिहून थांबू नका. त्या वाक्याला उत्तर द्यावं लागत नाही. "केलेल्या कार्यवाहीचा अहवाल या कार्यालयास पाठवावा" असं लिहा, म्हणजे समोरच्याला कागद हलवावा लागतो. जावक रजिस्टरला नोंद, आणि पोच घेतल्याशिवाय कोणी परत यायचं नाही. पोचेवरचा शिक्का नीट उमटला नसेल तर तिथल्या तिथे दुसरा मारून घ्यायचा. महिन्याने त्या पोचेचाच आधार असतो.

मंत्र्यांकडे निवेदन दिलं की त्यावर शेरा पडतो. "तपासून सादर करावे", "नियमानुसार कार्यवाही करावी". नवे कार्यकर्ते शेऱ्याचा फोटो काढून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, काम झाल्यासारखे. शेरा म्हणजे फक्त प्रवासाचं तिकीट. कागद मंत्र्यांच्या दालनातून विभागात कोणत्या कार्यासनाला गेला, तिथे कोणते कक्ष अधिकारी आहेत, फाईलवर टिपणी लिहिली गेली का, हे मंत्रालयात जाऊन विचारायचं. आणि नम्रपणे विचारायचं. कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर अशा दोनशे फाईली असतात, त्यातली आपली वर यायला आपल्या आवाजाची नाही, आपल्या तयारीची मदत होते. हवा तो शासन निर्णय, त्याचा क्रमांक आणि तारीख आपणच छापून नेली की त्यांचाही अर्धा तास वाचतो.

आणि एक. जागेच्या भांडणात, भाऊबंदकीत, दोन भाडेकरूंच्या वादात पत्र देऊ नका. समोर रडणारा माणूस खरा असतो, पण जो आलाच नाही तोही आपलाच मतदार असतो.

सभागृहातला प्रश्न

आता जिथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय तिथे येते.

विधिमंडळाची अधिवेशनं तीन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं ते, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, ठरवून दिलेल्या तारखांना द्यावे लागतात. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर "साहेब, हा विषय मांडा" म्हणत येणाऱ्याला तारांकितात जागा नसते. त्याच्यासाठी लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, चालू अधिवेशनात तातडीचा विषय मांडायची ही साधनं. म्हणून ऑफिसात वर्षभराचं कॅलेंडर लावा आणि प्रत्येक अधिवेशनाच्या दोन महिने आधी विषय काढायला बसा. बसताना तक्रारींचं रजिस्टर समोर ठेवा. एकाच वस्तीतून एकाच कामाचे पाच अर्ज आले असतील तर तो प्रश्न सभागृहाचा आहे असं समजा.

आमच्या डोंगरावरच्या एका वस्तीची गोष्ट सांगते. वरून दरवर्षी पावसात माती आणि दगड यायचे. लोकांची मागणी एकच, संरक्षक भिंत. तीन कार्यालयांना पत्रं गेली होती. तिघांचं उत्तर एकच: ही जागा आमच्या अखत्यारीत येत नाही. दोन वर्षं आम्ही तीच पत्रं पुन्हा पाठवत राहिलो, शब्द अधिक कडक करून. काही झालं नाही.

मग वस्तीतल्याच एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी मला विचारलं, "ताई, सीटीएस नंबर काय आहे?" सीटीएस म्हणजे नगर भूमापनातला जागेचा नंबर. मला माहीत नव्हता. आम्ही इतकी पत्रं लिहिली आणि जागेचा नंबर एकाही पत्रात नव्हता! आम्ही दोघं नगर भूमापन कार्यालयात गेलो. मिळकत पत्रिका काढली, नकाशा काढला. काकांनी नकाशावर घरं बसवली. तेव्हा दिसलं की भिंत जिथे हवी ती पट्टी दोन सीटीएस नंबरांवर पसरली होती आणि दोघांचे मालक वेगळे होते. तिघांची उत्तरं अर्धी-अर्धी खरी होती, म्हणूनच कोणी हलत नव्हतं.

मग प्रश्न लिहिला. प्रश्नाची ठरलेली घडण असते: अमुक ठिकाणी अमुक धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने पाहणी केली आहे काय, पाहणीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? या घडणीत सगळा जीव पहिल्या भागात असतो. तिथे ढोबळ लिहिलं तर उत्तर येतं, "हे खरे नाही", आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". आम्ही पहिल्याच भागात दोन्ही सीटीएस नंबर, घरांची संख्या आणि आधीच्या पत्रांच्या तारखा घातल्या. ते नाकारणं शक्यच नव्हतं. उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." काका म्हणाले, "अंशतः का?" मी म्हटलं, काका, दोन वर्षांत पहिल्यांदा सरकारने खरं हा शब्द वापरलाय, आपण पुढे जाऊ.

प्रश्न त्या दिवशी यादीत वर होता, तोंडी उत्तरासाठी आला. उपप्रश्न विचारायला साहेबांना मिनिट-दीड मिनिट मिळणार होतं. आदल्या रात्री आम्ही त्यांच्याकडून सगळा संताप काढून टाकला आणि एकच वाक्य ठेवलं: दोन्ही जागामालक यंत्रणांची एकत्र बैठक शासन किती दिवसांत घेणार? भाषण असतं तर मंत्री भाषणाने उत्तर देतात. तारखेचा प्रश्न असला की तारीख द्यावी लागते. मंत्र्यांनी अधिवेशन संपायच्या आत बैठक लावायचं कबूल केलं. त्याच दिवशी संध्याकाळी कार्यवाहीची प्रत मिळवली आणि ते वाक्य अधोरेखित करून फाईलला लावलं. सभागृहात मंत्र्यांनी दिलेला शब्द हे आश्वासन असतं, आणि ते पाळलं जातंय का हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. हे समोरच्यालाही माहीत असतं, म्हणून नुसती प्रत दाखवली तरी पुरतं.

बैठक झाली. संयुक्त पाहणी झाली. पुढच्या वर्षी निविदा निघाली. भिंत पूर्ण व्हायला आणखी दोन पावसाळे गेले, आणि त्या दोन्ही पावसाळ्यांत ऑरेंज अलर्ट आला की मी रात्री झोपू शकत नसे. ऑफिसातली पोरं रात्री वस्तीत जाऊन वरच्या रांगेतल्या लोकांना खालच्या शाळेत आणायची. भिंत उभी राहिली तेव्हा नारळ काकांच्या हातून फोडला. साहेबांनीच तसं ठरवलं.

प्रश्नाच्या पलीकडचंही एक साधन आहे, अशासकीय विधेयक. सरकारात नसलेला साधा सदस्यही कायद्याचा मसुदा मांडू शकतो. ते मंजूर होणं दुर्मीळ, म्हणून बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. तरी मी नव्या आमदारांना मृणाल गोरेंचं उदाहरण देते. गोरेगावातून त्या आधी नगरसेविका झाल्या, १९७२ मध्ये आमदार, १९७७ मध्ये खासदार, आणि १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या. पाण्यासाठी इतक्या लढल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत. पण विधानसभेत त्यांनी १९८६ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याबद्दलचा देशातला पहिला कायदा केला, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. नळावरच्या भांडणातून वर आलेल्या बाईने विधानसभेत बसून हे केलं. आमदारकी कशासाठी असते हे मला त्यातून कळलं.

नागपूरबद्दल थोडक्यात. १९५३ च्या नागपूर करारापासून तिथे अधिवेशन घ्यायचं ठरलेलं आहे, आणि मुंबईच्या ऑफिसातल्या लोकांना ते लांब वाटतं. जा. सोबत वह्या न्या, गरम कपडे न्या. मुंबईत मंत्र्यांच्या दालनापर्यंत पोचायला जे दिवस लागतात ते तिथे तासांवर येतात, कारण सगळे एकाच आवारात असतात.

निधी

आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा, पण सहा प्रभागांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही. पैसे आमदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते, काम यंत्रणा करते. वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून कामांची यादी एप्रिलमध्ये द्या, जानेवारीत नाही. जागेची ना हरकत आधी मिळवा. शौचालय, वाचनालय, लादीकरण, यांत बायकांना विचारून प्राधान्य ठरवा. पुरुष व्यायामशाळा मागतात.

पुनर्विकास

इथे सगळ्यात जपून राहा. शहरातल्या आमदाराचं नाव इथेच जातं.

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये आलं. आता योजनेसाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पात्रता ठरते परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे रहिवाशांच्या पात्र-अपात्र यादीत. एखाद्या म्हातारीचं नाव तिथे "अपात्र" असं छापून आलं की तिचं आयुष्य त्या एका शब्दावर टांगलेलं असतं. ऑफिसातल्या कमीत कमी एका माणसाला परिशिष्ट-२ वाचता आलं पाहिजे: कोणता पुरावा कोणत्या तारखेचा चालतो, मतदार यादीतलं जुनं नाव कुठून काढायचं, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत.

आम्ही स्वतःसाठी तीन नियम केले. विकासकाशी बैठक ऑफिसातच, आणि सोसायटीचे लोक हजर असतानाच. संमतीपत्रांवर सह्या घ्यायला आमचा एकही कार्यकर्ता घरोघर जाणार नाही. आणि घर रिकामं करण्याआधी प्रत्येक कुटुंबाच्या हातात स्वतःचा नोंदणीकृत करारनामा असला पाहिजे, हे आम्ही सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगणार. तिसऱ्या नियमामुळे काही लोक साहेबांवर रागावले, काम अडवतात म्हणाले. पण भाडं थकलं की बिऱ्हाड पाठीवर घेऊन विरार-बदलापूरला गेलेली माणसं आमच्याच पायरीवर परत येतात, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

यात मतांचाही हिशेब आहे, तो लपवत नाही. चाळ पडली की मतदार पांगतात. जे गेलेत त्यांचा फोन नंबर वहीत ठेवा, घर तयार होईपर्यंत दर तीन महिन्यांनी त्यांना कळवा. नव्या टॉवरमध्ये येणाऱ्यांना नाव नोंदवायला सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलायला आठ नंबरचा, हे त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात नेऊन द्या. टॉवरमधले लोक ऑफिसच्या पायरीवर येत नाहीत. ते ईमेल करतात, आणि उत्तर न आल्यास कायमचे लांब जातात. ईमेलचं उत्तर दोन दिवसांत.

वस्तीत जाणं

गणपती, दहीहंडी, सत्यनारायण, बारसं, लग्न, वर्धापन दिन. सगळीकडे जाणं शक्य नाही, आणि कोणाकडे गेले कोणाकडे नाही याची लोक नोंद ठेवतात. आमचा क्रम ठरलेला: आधी मयत, मग आजारी माणूस, मग परीक्षेत पास झालेलं पोर, मग लग्न, आणि शेवटी व्यासपीठ. मयताच्या घरी फोटोग्राफर नाही, कार्यकर्त्यांचा घोळका नाही. साहेब आणि एक माणूस. दहा मिनिटं खाली सतरंजीवर बसायचं आणि उठायचं. मृत्यूचा दाखला, पेन्शन, बँकेचे कागद यासाठी तेराव्यानंतर ऑफिसातून आपणच फोन करायचा.

दोन टर्म झाल्यावर साहेबांनी पुन्हा उभं न राहायचं ठरवलं. ऑफिस बंद करायचं कसं, हे कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून तेही लिहिते. आचारसंहिता लागायच्या आधी आम्ही सगळ्या बाकी अर्जांची यादी काढली. ११२ निघाले. प्रत्येक अर्जदाराला बोलावलं, त्याची फाईल त्याच्या हातात दिली. वर एक कागद लावला: शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं, जावक नंबर काय, पोच कुठे आहे, कागद सध्या कोणत्या टेबलावर आहे, पुढे कोणाला भेटायचं. सगळ्यांना द्यायला तीन आठवडे लागले. दारांची वही मी झेरॉक्स करून ठेवली आणि मूळ प्रत निकालानंतर नव्या आमदारांच्या ऑफिसात नेऊन दिली. त्यांचा पक्ष वेगळा होता. टेबलामागच्या मुलाने वही उघडली, इस्पितळांचं पान वाचलं आणि विचारलं, "ताई, हे लाल शाईतलं काय आहे?" मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला डायलिसिसच्या त्या मुलाबद्दल सांगितलं.